हजार वेळा ओलांडताना

फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जिंकणारी गाडी इतर गाड्यांना किती वेळा मागे टाकत असेल? २०२५ साली विजेत्या फेरारीने ३८७ फेऱ्या मारल्या. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेळात, सर्वांत संथ गटातल्या अव्वल गाडीच्या फेऱ्या भरल्या ३४०च्या आसपास. म्हणजे त्या गटातली प्रत्येक गाडी विजेत्याने निदान पंचेचाळीस वेळा गाठली आणि ओलांडली. त्या गटात गाड्या होत्या चोवीस. काही मध्येच बंद पडल्या हे धरलं, तरी आकडा हजाराच्या घरात जातो. हजार वेळा, आणि त्यातला बराच भाग रात्रीच्या काळोखात!

१९२३पासून चालत आलेल्या या शर्यतीत एकाच वेळी ६२ गाड्या धावतात. हायपरकार सर्वांत वेगवान, त्यांच्याखालोखाल एलएमपी२, आणि शेवटी रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारवर बेतलेल्या एलएमजीटी३, थोडक्यात जीटी. प्रत्येक गटाचा विजेता वेगळा. साडेतेरा किलोमीटरच्या फेरीचा मोठा भाग एरवी गावकऱ्यांच्या वाहतुकीचा रस्ता आहे. ही फेरी हायपरकार साडेतीन मिनिटांत संपवते, जीटी गाडीला जवळजवळ चार मिनिटं लागतात.

खरी गंमत मागे पडणाऱ्या गाडीत बसल्यावर कळते. जीटीचा चालक स्वतःच्या गटातल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजतोय. एवढ्यात आरशात पांढरे दिवे मोठे होऊ लागतात. त्याच्या गाडीचे दिवे पिवळे असतात, त्यामुळे मागून येणाऱ्या गाडीचा गट अंधारातही ओळखू येतो. आता त्याने काय करायचं? आपल्याला वाटेल, बाजूला व्हायचं. मुळीच नाही! त्याने आपली रेषा धरून ठेवायची. घाबरून वाट द्यायला गेला, तर मागच्याचा अंदाज चुकतो. सुरक्षित ओलांडण्याची जबाबदारी वेगवान गाडीची. २०१३ साली कोर्वेट संघाने मागे रडार बसवून चालकासमोर पडदा लावला. मागून येणारी गाडी किती जवळ आली आणि कोणत्या बाजूने जाणार, हे त्यावरचे बाण दाखवत.

मागच्याची घाईही खरीच. पोर्शे वळणांसारख्या अरुंद, वेगवान भागात जीटीमागे अडकलं की काही सेकंद गेलेच. म्हणून तो वळणाच्या आधीच घुसायचं की थांबायचं, हे क्षणार्धात ठरवतो. तो निर्णय चुकला की काय होतं, ते २०११ साली दिसलं. ऑडीच्या तीन गाड्या होत्या. पहिल्याच तासात ॲलन मॅकनिशची गाडी एका जीटी फेरारीला ओलांडताना धडकून चक्काचूर झाली. रात्री माईक रॉकनफेलरच्या गाडीचीही तीच गत, तीही जीटी फेरारीला ओलांडतानाच. दोघेही वाचले, हे नवलच. उरलेल्या एकट्या ऑडीने अख्खा दिवस प्यूजोच्या गाड्यांशी टक्कर घेतली आणि फक्त १३.८५४ सेकंदांनी शर्यत जिंकली. चोवीस तासांच्या शेवटी एवढंच अंतर! आणखी काही जीटींमागे ती अडकली असती, तर तेवढं सहज गेलं असतं.

म्हणूनच मला वाटतं, या शर्यतीतलं सर्वांत अवघड कौशल्य वेग नव्हे, दुसऱ्याचा अंदाज घेणं हे आहे. शर्यत जूनमध्ये असते. तिथल्या शनिवारी दुपारी चारला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होते. सुरुवात चुकली तरी चालेल. रविवारी पहाटे उठा आणि जीटी गाडीच्या आतल्या कॅमेऱ्याचं चित्रण जरूर पाहा.