गप्प बसलेलं रडार

'कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स' या खेळात कॉकपिट नाही की आगीचे लोळ नाहीत. समोर नकाशा, त्यावर चिन्हं, कडेला संदेशांची यादी. मी रेल्वेचं वेळापत्रक लावतोय असंच घरच्यांना वाटतं आणि ते फारसं चूकही नाही.

नाशिकच्या मित्राने जून १९८२चं बेका खोरं मांडून पाठवलं. सीरियाची क्षेपणास्त्रं त्याने लावलेली, इस्रायलची फँटम विमानं माझ्याकडे. लेबनॉनमधल्या या खोऱ्यात सीरियाने १९८१ मध्ये 'कुब' या विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या बॅटऱ्या आणून ठेवल्या होत्या. एका बॅटरीत एक रडारगाडी, चार लाँचर, प्रत्येकावर तीन क्षेपणास्त्रं. एकूण १२. हा आकडा मी वहीत सगळ्यात वर लिहितो. बारा सुटली की नवी चढवेपर्यंत जो वेळ जातो, तेवढाच माझा.

पश्चिमेकडून, समुद्रावरून खाली उडत आलं की लेबनॉन पर्वताचा आडोसा मिळतो. माथा ओलांडला की तो संपला. पुढे साधारण १५ किलोमीटर उघडं खोरं. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर, म्हणजे बरोबर एक मिनिट. कुबचा पल्ला २४ किलोमीटरच्या आसपास. ते अख्खं मिनिट मी त्याच्या ताटात.

म्हणून आखणी उलटी करायची. बॉम्ब कधी पडायला हवेत ते ठरवून मागे मागे यायचं. त्याआधी श्राइक, म्हणजे रडारवर सोडायची क्षेपणास्त्रं, त्याआधी चकवे. चकवे म्हणजे रडारला विमानासारखी दिसणारी बिनमाणसांची यंत्रं. त्यांच्यावर क्षेपणास्त्रं वाया जावीत, रडार चालू व्हावीत आणि त्या लहरींचा माग काढत श्राइकने त्यांच्यावर जाऊन आदळावं. श्राइकची खोड एवढीच की रडार मध्येच बंद झालं तर ते आंधळं होतं. चकवे लवकर गेले तर रडार जागी होऊन परत झोपतात आणि उशिरा गेले तर बारापैकी बारा माझ्या विमानांच्या वाट्याला. दोन टोकांमध्ये तीन-चार मिनिटांचं अंतर, आणि माझी सगळी रात्र त्यात गेली.

पहिल्या डावात चकव्यांवर चार रडार चालू झाली, चारही उडाली. फँटम माथा ओलांडून खोऱ्यात उतरली आणि जिथे नकाशा कोरा होता तिथे पाचवं रडार जागं झालं. संदेशांच्या यादीत तीन ओळी आल्या, तीन विमानं गेली. चकव्यांना त्याने भीकच घातली नव्हती. फाईल एडिटरमध्ये उघडून ते कुठे लपलंय हे आधी बघता आलं असतं. बघितलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

मी मित्राकडे तक्रार केली, इस्रायलच्या खऱ्या हल्ल्यात तर असं झालं नव्हतं. ९ जूनच्या त्या दुपारी बहुतेक बॅटऱ्या नष्ट झाल्या. त्या महिनोन्‌महिने ठरलेल्या जागी होत्या, इस्रायलच्या टेहळणी यंत्रांनी त्या टिपलेल्या होत्या, आणि चकवे दिसताच रडार चालू झाली.

"अरे, ते चुकले म्हणून मीही चुकू का?" तो म्हणाला.

त्याचं बरोबरच होतं. माझी सगळी आखणी शत्रू त्याच चुका करेल या भरवशावर उभी होती.

दुसऱ्या डावात दोन खरी फँटम उंचावरून, सगळ्यांना दिसतील अशी पाठवली. पल्ल्याच्या काठावर यायचं आणि क्षेपणास्त्र सुटलं की पाठ फिरवून पळायचं. नकाशावरचं पल्ल्याचं वर्तुळ अंगावर येणाऱ्या विमानासाठी खरं असतं. पळणाऱ्याच्या मागे लागलेल्या क्षेपणास्त्राला मध्येच धाप लागते, म्हणून पळणाऱ्यासाठी ते वर्तुळ आकसतं. पाचव्याने खरं विमान बघून तोंड उघडलं. श्राइक तयारच होती.

सकाळी फुशारकीने निकाल कळवला. दुपारी नवी फाईल आली, सोबत एक ओळ: "कुब रणगाड्यासारखं पट्ट्यांवर चालतं, विसरलास?"

उघडली. कालची चार वर्तुळं जिथे होती, तिथे आता दोनच होती.