किरकोळ जखमांचे भरून येणे आणि मानसिक ताण

विळीवर बोट कापणे, पडल्यामुळे गुडघा खरचटणे अशा किरकोळ जखमांवरील उपचार बहुधा घरीच होतात. जखम स्वच्छ पाण्याने धुतली, दाबून धरून रक्त थांबविले व पट्टी बांधली, की उरलेले कार्य काळावर सोपविले जाते. परंतु हा काळ सर्वांच्या बाबतीत सारखा नसतो. वय, आहार, मधुमेह व धूम्रपान यांचा त्यावर परिणाम होतो, हे परिचित आहे. मानसिक ताणाचाही तसाच परिणाम होतो, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील प्रयोगांनी दाखवून दिले.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर व त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, समान वयाच्या १३ स्त्रिया यांच्या हातावर ३.५ मिलिमीटर व्यासाची लहानशी जखम करण्यात आली. पहिल्या गटातील जखमा भरण्यास सरासरी सुमारे ४९ दिवस लागले, तर दुसऱ्या गटात सुमारे ३९. पुढे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर तेवढीच जखम दोनदा केली गेली : एकदा उन्हाळी सुटीत व एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरण्यास सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के अधिक काळ लागला. येथे प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना स्वतःशीच असल्यामुळे व्यक्तिभेदाचा प्रश्न उरला नाही.

याची कारणमीमांसा अशी : जखम होताच तेथे मर्यादित दाह निर्माण होतो. इंटरल्यूकिन-१ सारखी द्रव्ये संरक्षक पेशींना त्या जागी पाचारण करतात. त्या पेशी जंतू व मृत ऊतक दूर करून नव्या ऊतकास वाट करून देतात. ताणाच्या अवस्थेत अधिवृक्क ग्रंथींतून अधिक प्रमाणात स्रवणारे कॉर्टिसोल या द्रव्यांची निर्मिती मंदावते. त्यामुळे आरंभीचीच पायरी लांबते.

प्रयोगांतील व्यक्तींची संख्या अल्प होती, हे ध्यानात ठेवणे इष्ट होय. शिवाय मनःशांती ही औषधाची जागा घेऊ शकत नाही. लाली वा सूज वाढत गेल्यास, पू अथवा ताप आल्यास वैद्यकीय उपचारच हवेत. धनुर्वातप्रतिबंधक लशीचीही वेळीच चौकशी करावयास हवी. तथापि ज्या घरात रुग्णसेवेचा सारा भार एकाच व्यक्तीवर असतो, तेथे त्या व्यक्तीच्या बोटावरील साधी जखमही रेंगाळू शकते. अशा वेळी पट्टीइतकीच त्या भारात वाटेकरी होणाऱ्या माणसाचीही आवश्यकता असते.