दुसरा आणि चौथा शनिवार

बँकेतल्या एवढ्या धावपळीत श्रमदानाच्या कामांना वेळ कसा काढता, असं कुणी विचारलं की मी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे आभार मानते. समोरच्याला ती थट्टा वाटते. पण १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टीचा झाला नसता, तर त्यानंतरच्या वर्षांत मी पुण्याबाहेर जाऊन जे काही केलं त्यातलं निम्मंसुद्धा झालं नसतं. त्याआधी शनिवारी अर्धा दिवस शाखा असायची. अर्धा नुसता म्हणायला. टॅली लागून घरी पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची. रविवार दळण, सासूबाईंचे डॉक्टर आणि कुणाचं तरी बारसं यात संपायचा. म्हणजे माझ्या वेळापत्रकातला सर्वांत मोठा बदल माझ्या नियोजनाने झालेला नाही. वाटाघाटीच्या टेबलावर बसणारे लोक वेगळेच होते.

सुरुवातीचे काही महिने ते शनिवार घरानेच घेतले, आणि ते योग्यच होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात गावांनी श्रमदानातून जलसंधारण करण्याची पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. कोरेगावातल्या वेळूने पहिला क्रमांक मिळवला तेव्हा शाखेतला एक सहकारी आठवडाभर छाती काढून फिरत होता; त्याची सासुरवाडी त्या बाजूची. जाऊन बघायला हवं, असं मी म्हणाले आणि विसरले.

मग ८ नोव्हेंबर आला. नोटाबंदीनंतरच्या पहिल्याच शनिवारी-रविवारी बँका चालू ठेवल्या होत्या, आणि तो शनिवार नेमका दुसरा होता. त्या दोन महिन्यांबद्दल सगळं बोलून झालंय. मला आठवतो तो फक्त रात्री साबण लावूनही बोटांवरून न जाणारा जुन्या नोटांचा वास. पुढच्या एप्रिलमध्ये मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका गावी श्रमदानाला गेले त्यामागे सेवाभाव किती होता, सांगता येणार नाही. हातात नोटांखेरीज काहीतरी धरायचं होतं, एवढं खरं.

२०१७ ची स्पर्धा तीस तालुक्यांत होती, ८ एप्रिल ते २२ मे. बँकेत काम करणाऱ्याला यापेक्षा सोयीच्या तारखा कुणी देऊ शकत नाही: ३१ मार्चचं क्लोजिंग उरकून आठवडा झालेला असतो. दिवेघाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण आणि मग मोगराळे घाट चढून दहिवडी. घाट चढला की हिरवा रंग संपतो. सह्याद्रीने पश्चिमेलाच अडवलेला पाऊस माणपर्यंत पोचेतो त्यात फारसा दम उरत नाही; इथली माणसं मेंढरांमागे आणि सोने-चांदी गाळण्याच्या गलाईच्या कामामागे देशभर पांगली, ती यामुळेच.

सलग समतल चर म्हणजे काय ते मला गावातल्या एका आक्कांनी शिकवलं. त्या स्वतः चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. डोंगरउतारावर एकाच पातळीवरच्या जागा शोधून फक्की टाकायची, त्या रेषेवर खणायचं आणि निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला लावायची. शहरातून आलेले लोक हमखास ती वरच्या अंगाला टाकतात, कारण तिथे टाकणं सोपं जातं. पहिल्याच पावसात ती माती चरात परत येते. दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चर मुरमाड रानात चार-पाच हात पुढे नेईपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले. आक्का म्हणाल्या, "ताई, बसा की वाईच सावलीला." सावली कुठेच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

इथे एक मत नोंदवते, मैत्रिणींना ते आवडत नाही. एका दिवसाच्या श्रमदानाला शहरातून जाणाऱ्या माणसाने खणलेली माती हिशेबात धरू नये. १ मेच्या महाश्रमदानाला आम्ही गाड्या भरून जायचो. गावात टँकर येत असताना आमच्यासाठी पाणी भरून ठेवलेलं असायचं, पिठलं-भाकरी रांधलेली असायची, आणि आमचे फोटो निघेपर्यंत गावकरी थांबलेले असायचे. खरं काम आमच्या आधी पहाटे आणि आमच्या नंतर रात्री चालायचं. आमच्या जाण्याने गावाला जोर येतो, हे खरंच आहे; पण तो जोर आमच्या फावड्याचा नव्हे.

माझा खरा उपयोग तिसऱ्या की चौथ्या फेरीला कळला. बचत गटाचं खातं केवायसीअभावी गोठलं होतं. सह्या करणाऱ्या दोघींपैकी एक लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली. ठराव कसा लिहायचा आणि सहीबदलाला कुठली कागदपत्रं लागतात, ते मी देवळाच्या कट्ट्यावर बसून लिहून दिलं. पुढच्या वेळी कट्ट्यावर रांग होती: पीककर्जाचं नूतनीकरण, वारसनोंद, विम्याचे न आलेले पैसे. ज्या कागदांपासून पळून घाट चढले तेच समोर येऊन बसले. थोडी चिडले आणि मग खरंच रमले.

या सगळ्यात घर आणि मित्रमंडळी कुठे होती? कॉलेजच्या आमच्या कंपूचा महिन्यातून एकदा नाश्ता असायचा, तो मी सारखा बुडवत होते. नवरा बोलत नसे, पण एप्रिल-मेमधल्या लग्नांना तो एकटाच जाई आणि माझ्या वाटचे प्रश्न झेलून येई. मुलीला आई 'खड्डे खणायला' जाते याची शाळेत जराशी लाजच वाटे. समतोल राखणं वगैरे शब्द मासिकांत वाचायला बरे असतात. आमच्याकडे चालायची ती ओढाताण, आणि ती सुटली कॅलेंडरमुळे.

२०१८ मध्ये २८ एप्रिल चौथा शनिवार, २९ रविवार, ३० ला बुद्धपौर्णिमा आणि १ मे महाराष्ट्र दिन. चार दिवस सलग! नवरा म्हणाला, यंदा मीच येतो, नाहीतर चार दिवस तुझी भेट नाही. कंपूही निघाला, बहुधा मला चिडवायला. पण बँकेतल्या माणसाला नुसती सुट्टी पुरत नाही. तिजोरीच्या चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि गाव सोडायचं तर आपली चावी रजिस्टरवर सही घेऊन दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. त्या महिन्यात देशात बऱ्याच ठिकाणी एटीएम रिकामी पडली होती आणि सलग सुट्टीत रोख भरायला कुणीतरी लागणारच होतं. माझी चावी घेतली ती त्याच वेळूवाल्या सहकाऱ्याने. त्याची सुट्टी पुण्यात गेली. माझं नाव गावच्या आभाराच्या फलकावर आलं, त्याचं कुठेच नाही. असे लोक प्रत्येक कार्यकर्त्याच्या मागे असतात आणि सत्कारांत त्यांच्यासाठी नारळ नसतो.

त्या वर्षीचा राज्यातला पहिला क्रमांक माणमधल्याच टाकेवाडीला गेला. मग पाऊसच रुसला. ऑक्टोबरमध्ये सरकारने दुष्काळी तालुक्यांची यादी काढली, तीत माण होता. २०१९ च्या उन्हाळ्यात म्हसवडला चारा छावणीत जनावरं आणि माणसं एकत्र राहत होती. चर कोरडे होते. पडलेलं पाणी चर मुरवू शकतात, पाऊस पाडू शकत नाहीत. गावात कुणी आम्हाला तसं बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षी टिकाव उचलणारे कमी होते. आमच्याकडेही मुलीची दहावी आणि माझी निवडणुकीची ड्युटी, त्यामुळे फार जाणं झालं नाही.

२०२० मध्ये टाळेबंदी. बँका चालू, बाकी सगळं बंद. गावाशी संबंध फोनवर उरला, आणि कट्ट्यावरची रांग व्हॉट्सअॅपवर आली. आक्का कागदांचे फोटो पाठवायच्या, तेही आडवे.

जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जोखमीच्या जागांवरच्या अधिकाऱ्यांसाठी अनिवार्य रजेचा नियम नव्याने काढला: वर्षातून एकदा किमान दहा कामाचे दिवस सलग रजा, तीही न कळवता. हेतू गैरव्यवहार उघडे पडण्याचा. आपल्या गैरहजेरीत दुसरा माणूस टेबलावर बसला की लपवलेलं वर येतं. मला एका सोमवारी सकाळी घरी पाठवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भरपूर वेळ हाताशी होता आणि बरोबर यायला कुणी मोकळं नव्हतं. तीन दिवस माळे आवरले. मग सासूबाईच म्हणाल्या, "चल, तुझं ते गाव दाखव मला." त्या आणि आक्का ओसरीवर बसून गुडघ्यांविषयी जे बोलत राहिल्या, ते मी श्रमदान सोडून ऐकत बसले.

आता आक्कांचा धाकटा पुण्यात डिप्लोमा करतो आणि रविवारी आमच्याकडे जेवायला असतो. कंपूचा नाश्ता पावसाळ्यात एकदा दहिवडीत होतो, रोपं लावून झाल्यावर. वेळूवाल्याची चावी गेल्या दिवाळीत मी सांभाळली.

पाच दिवसांच्या आठवड्यावर संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात मार्च २०२४ मध्ये सहमती झाली. सरकारची मंजुरी हे लिहीपर्यंत आलेली नाही. घरात मात्र मंजुरी गृहीत धरून वाटणी झालीसुद्धा. पहिला शनिवार नवऱ्याने स्वतःच्या गावच्या घरासाठी मागितला, तिसरा सासूबाईंनी नातेवाइकांसाठी. काही महिन्यांत पाचवा शनिवारही असतो, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही आणि मी ते बोललेले नाही.