न फिरणारा आरसा

रेवस असो, थळ असो की मुरूड, मासेमारीची होडी खोल पाण्यात जायची तर बर्फ लागतोच. हा बर्फ विजेवर गोठवलेला असतो. पण उष्णतेवरही बर्फ करता येतो. अमोनिया आणि पाण्यावर चालणाऱ्या शोषण-यंत्राला शंभर अंशांच्या थोडी वर उष्णता मिळाली की पुरते. छपरावरचा साधा सौरबंब साठ-सत्तर अंशांपाशीच थकतो. पुढची मजल गाठायला ऊन एकवटावे लागते.

एकवटणे म्हटले की तबकडी आठवते. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ शेफलर तबकड्या वाफेसाठी बसवल्या गेल्या. त्याआधी २००६ मध्ये लातूरच्या महानंद डेअरीत आयआयटी मुंबईच्या सहकार्याने घडलेली ‘अरुण’ तबकडी उभी राहिली. देशावरच्या कोरड्या हवेत त्या शोभतात. पण त्यांना सूर्यामागे फिरावे लागते, आणि रायगडच्या किनाऱ्यावर फिरणारा प्रत्येक सांधा खाऱ्या वाऱ्याच्या तोंडी असतो. शिवाय दमट हवेत बरेचसे ऊन विखरून येते. तबकडीच्या हाती त्यातले जवळजवळ काहीच लागत नाही.

दुसरी वाट १९६०च्या दशकात निघाली, तीही सौरऊर्जेसाठी नव्हे. अमेरिकेत रोलँड विन्स्टन यांना चेरेन्कोव्ह किरणांचा क्षीण प्रकाश गोळा करायचा होता; त्यासाठी त्यांनी आरशांचा एक आकार शोधला. त्याच सुमारास सोव्हिएत रशियात बारानोव्ह आणि मेल्निकोव्ह त्याच आकारापाशी पोहोचले. १९७४ मध्ये विन्स्टन यांनी तो सूर्यासाठी मांडला. यात सूर्याचे बिंब उमटवण्याचा हट्टच सोडलेला आहे. ठरावीक कोनातून आत शिरलेला किरण तळाशी पोहोचला, एवढे पुरे. दोन अन्वस्त आरसे पन्हळीसारखे समोरासमोर ठेवायचे, एकाची नाभी दुसऱ्याच्या पायथ्याशी.

मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंश मोकळे ठेवले तर ऊन जास्तीत जास्त दुप्पट होते; ३५ ठेवले तर १.७४ पट. दुपटीसाठी १० सेंमी रुंद तळाला २० सेंमीचे तोंड आणि २६ सेंमी उंचीचे आरसे लागतात. वरचा भाग जवळपास उभाच असतो. तो धातू खातो फार आणि प्रकाश देतो थोडा, म्हणून छाटतात. विखुरलेल्या उजेडातला निम्मा वाटाही या पन्हळीला मिळतो. किनाऱ्यासाठी मला हाच तिचा मोठा गुण वाटतो.

अलिबागचा अक्षांश १८.६. डिसेंबरच्या २१ला दुपारचा सूर्य माथ्यापासून ४२ अंश दक्षिणेला असतो, जूनच्या २१ला जेमतेम ५ अंश उत्तरेला. पन्हळ पूर्व-पश्चिम मांडून अक्षांशाइतकी दक्षिणेला कलती केली, तर ३० अंशांच्या मुभेत या दोन्ही टोकांना सुमारे साडेपाच तास ऊन सापडते. पुस्तकी मांडणी इथे थांबते.

पण जून-जुलैत, सूर्य सर्वांत उत्तरेला असताना, इथे आभाळच उघडत नाही. मग त्या टोकासाठी जागा का राखायची? कल जवळपास ४ अंशांनी वाढवून साडेबावीस करा आणि मुभा २६ अंशांवर आणा. डिसेंबरचे साडेपाच तास तसेच राहतात, एकवटणी २.२८ पट होते. मेच्या मध्यावर मात्र सव्वाचार तासांच्या आसपासच ऊन मिळते.

वर काचेचे झाकण हवेच. साध्या काचेवरून सुमारे आठ टक्के प्रकाश परततो, पण या किनाऱ्यावर तो तोटा सोसावा. काचेवरचा खारा थर ओल्या फडक्याने निघतो. आरशावर तोच घासला तर ओरखडे उठतात.