पडद्यावर उरलेली सावली

बंगळूर शहरातून तुमकूरच्या रस्त्याला लागले, की वायव्येस पीण्याची औद्योगिक वसाहत लागते. भारताचा पहिला उपग्रह 'आर्यभट' हा याच वसाहतीतील साध्या शेडमध्ये घडला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाच्या साहाय्याने अंतराळात गेला. परंतु पीण्याचे रोजचे जीवन उपग्रहांचे नव्हे. ते लहान लहान यंत्रशाळांचे आहे. येथे लोखंड कातले जाते, दाते पाडले जातात, भोके पाडली जातात आणि एका सहस्रांश भागाच्या मापावरून जॉब स्वीकारला किंवा नाकारला जातो.

अशा यंत्रशाळांत संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे वीस-वीस, तीस-तीस वर्षे राबतात. त्यांतील जुन्या यंत्रांच्या दर्शनी भागावर हिरवट किंवा पिवळसर अक्षरांचा एक छोटा पडदा असतो. हा पडदा म्हणजे जुन्या दूरचित्रवाणी संचातील चित्रनळीचेच भावंड होय. हत्यार कोठे आहे हे सांगणारे आकडे त्यावर उमटत असतात. यंत्र बंद असतानाही अशा एखाद्या पडद्याकडे तिरप्या नजरेने पाहिले, तर काचेमागे त्याच अक्षरांची फिकट तपकिरी सावली दिसते. वीज नाही, तरी अक्षरे आहेत! ही सावली वाढत गेली, म्हणजे तीन आणि आठ यांतील भेद पुसट होतो. आणि जेथे एका आकड्याच्या चुकीने दिवसभराचे काम भंगारात जाते, तेथे ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही.

ही सावली पडते कशी, हे समजण्यासाठी चित्रनळीच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. १८९७ साली फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने जी किरणनळी तयार केली, तिचाच हा विस्तार आहे. काचेच्या निर्वात नळीच्या मागील टोकास एक तापविलेला धातूचा भाग असतो. त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. काळ्या-पांढऱ्या संचात दहा ते अठरा हजार व्होल्ट, तर रंगीत संचात सुमारे पंचवीस हजार व्होल्ट इतक्या दाबाने ते पुढे खेचले जातात आणि पडद्याच्या आतल्या बाजूस लावलेल्या फॉस्फर नावाच्या भुकटीच्या थरावर आदळतात. त्या आघाताने भुकटी उजळते. ही इलेक्ट्रॉनांची शलाका चुंबकांच्या योगाने डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली इतक्या वेगाने फिरविली जाते, की भारतात रूढ असलेल्या ६२५ ओळींच्या पद्धतीत ती एका सेकंदात १५,६२५ ओळी रेखाटते. डोळ्याला मात्र सलग चित्र दिसते.

या आघाताची सर्वच शक्ती प्रकाशात उतरत नाही. बराच मोठा भाग उष्णतेत जातो आणि थोडा भाग फॉस्फरच्या स्फटिकांची घडी विस्कटण्यात खर्च होतो. विस्कटलेला स्फटिक पूर्वीइतका प्रकाश देत नाही. एखाद्या ठिकाणी आजवर एकंदर किती इलेक्ट्रॉन येऊन आदळले, यावर तेथील फॉस्फरची झीज अवलंबून असते. चित्र सतत बदलत असेल, तर ही झीज साऱ्या पडद्यावर सारखी वाटली जाते. पडदा हळूहळू म्हातारा होतो, पण त्यावर डाग दिसत नाही. उलट एकच अक्षर त्याच जागी महिनोन्‌महिने उजळत राहिले, तर तेवढीच जागा शेजाऱ्यांच्या आधी थकते. देवळाच्या पायरीचा मधला भाग पावलांनी झिजावा आणि कडा तशाच राहाव्यात, तसाच हा प्रकार आहे.

प्रारंभीच्या चित्रनळ्यांना याखेरीज आणखी एक व्याधी जडे. नळीत उरलेल्या वायूचे जड विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, इलेक्ट्रॉनांबरोबर पडद्याकडे धावत. चुंबकाने हलका इलेक्ट्रॉन वळतो, जड आयन फारसा वळत नाही. म्हणून ते सारे मध्यभागी आदळून तेथे तपकिरी डाग पाडीत. पुढे आयनांना अडकविणारी वाकडी नळी निघाली आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फॉस्फरवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा देण्याची पद्धत रूढ झाली. हा मुलामा आयनांना अडवितो, इलेक्ट्रॉनांना जाऊ देतो आणि मागे जाणारा प्रकाश पुढे परतवितो. ती व्याधी अशी दूर झाली. झिजेची मात्र राहिली.

भारतात या नळ्यांचा संसार मोठा होता. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली रंगीत प्रक्षेपणास आरंभ झाला. पीण्याला लागूनच असलेल्या जालहळ्ळी येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने काळ्या-पांढऱ्या चित्रनळ्या तयार केल्या. त्यांच्या काचेच्या कवचांसाठी १९८६ साली नवी मुंबईजवळ तळोजे येथे स्वतंत्र विभागही उभा राहिला. आज चित्रनळ्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन थांबले आहे. जुनी नळी बिघडली, तर तशीच नवी बाजारात मिळणे कठीण. म्हणूनच आहे ती नळी जपणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. ही गोष्ट पीण्याला जितकी लागू, तितकीच भोसरीला आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीलाही लागू आहे.

जपावे कसे? पहिला आणि सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे तेज कमी ठेवणे. इलेक्ट्रॉनांचा प्रवाह निम्मा केला, तर झिजेचा वेगही साधारण तितकाच उतरतो. पण यंत्रशाळेत तेज वाढविले जाते, याचे कारण बहुधा दारातून किंवा छतातून पडद्यावर येणारे ऊन असते. अशा वेळी खटका फिरविण्याऐवजी पडद्यावर पत्र्याचा छोटा छज्जा बसवावा. सावली बाहेरून दिली, म्हणजे आतली सावली टळते.

दुसरा उपाय म्हणजे काम नसताना पडदा काळा करणे. जेवणाच्या सुट्टीत, पाळी बदलताना किंवा एकच जॉब तासभर कातला जात असताना आकडे कोणी वाचीत नसते. फानुक कंपनीच्या अनेक नियंत्रकांवर 'कॅन' ही कळ दाबून धरून एखादी कार्यकळ दाबली, की पडदा कोरा होतो आणि यंत्राचे काम तसेच चालू राहते. घरगुती संगणकासाठी हीच कल्पना जॉन सोचा यांनी डिसेंबर १९८३ मध्ये 'सॉफ्टॉक' या मासिकातून मांडली. त्यांचा छोटा कार्यक्रम तीन मिनिटे कोणी कळ दाबली नाही, तर पडदा काळा करी. पुढे त्याची जागा फिरत्या चित्रांनी घेतली. ती मनोरंजक खरी. पण ध्यानात ठेवावे, की चित्र हलते असेल तरच उपयोग. एकाच जागी स्थिर राहणारे झगझगीत चित्र हे रक्षण नव्हे, उलट अपाय आहे.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. कधी कधी उभी हालचाल घडविणारे मंडळ बिघडते आणि सारे चित्र आडव्या एका लखलखीत रेषेत गोळा होते. सगळ्या पडद्यावर वाटली जाणारी शक्ती तेव्हा एका रेषेवर येते व थोड्याच वेळात तेथे कायमचा चरा पडू शकतो. अशा वेळी तेज तत्काळ पूर्ण उतरवावे किंवा संच बंद करावा. 'पाहू, आपोआप येते का' म्हणून वाट पाहू नये.

डाग एकदा पडला, की तो पुसता येत नाही. सर्व पडद्यावर पांढरा उजेड दीर्घकाळ ठेवून झीज सारखी करण्याचा प्रयोग काहीजण करतात. त्यात निरोगी भागही थकतो. काही कारखानदार जुन्या नळीच्या जागी सपाट पडदा बसवितात; तो चांगला मार्ग आहे, मात्र जुन्या यंत्राच्या ओळींचा वेग नव्या पडद्याला समजतो की नाही, हे आधी तपासावे लागते. आणि कोणत्याही परिस्थितीत संचाची पाठ उघडून हात घालू नये. वीज तोडल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा भार साठून राहतो, आणि निर्वात काच फुटली तर तिचे तुकडे अंगावर येतात. ते काम जाणत्या तंत्रज्ञाचेच.

चित्रनळी अस्तंगत झाली, म्हणून हा प्रश्न मिटला असे नाही. अलीकडच्या सेंद्रिय प्रकाशकणांच्या पडद्यांतही जो ठिपका अधिक उजळतो तो आधी थकतो, आणि वाहिनीचे एका कोपऱ्यातील बोधचिन्ह तेथेही आपली सावली ठेवून जाते. साधन बदलले, पण नियम तोच राहिला. पीण्यातील जुन्या यंत्रासमोर उभा असलेला कारागीर जेवायला जाताना दोन कळा दाबून पडदा काळा करतो, तेव्हा उद्याचा तीन हा तीनच दिसावा, एवढीच त्याची मागणी असते. आणि ती पुरी करायला एका क्षणापलीकडे काही लागत नाही.