काळी-पिवळी पडद्यावर रंगवताना

छायाचित्रातल्या मोटारीचा रंग बदलताना रंगापेक्षा उजेड जास्त सांभाळावा लागतो. पत्र्याचा गोलावा, दाराची घडी, बोनेटचा उंचवटा हे सगळे डोळ्याला कळते ते उजेड-सावलीच्या चढउतारावरून. फोटोशॉपमध्ये ब्रश घेऊन गाडीवर सरळ रंग फासला, तर तो चढउतार पुसला जातो आणि गाडी पुठ्ठ्यातून कापल्यासारखी दिसते. त्यामुळे मूळ चित्राला हात न लावता रंग वेगळ्या थरावर, म्हणजे लेअरवर द्यायचा असतो. १९९० साली बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरला लेअरची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाली. गाडी रंगवण्याचे आजचे सारे काम त्या सोयीवर उभे आहे.

मुंबईत या कामाचा कस लावणारी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांपैकी शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. छायाचित्रे मात्र भरपूर आहेत. पद्मिनी जपणाऱ्या हौशी माणसाला ती खासगी गाडीच्या क्रीम किंवा निळ्या रंगात कशी दिसेल हे आधी पडद्यावर पाहायचे असते.

छायाचित्र निवडतानाच निम्मे काम ठरते. गिरगावात गाड्या एकीला एक चिकटून उभ्या असतात. बंपर दुसऱ्या गाडीआड गेलेला असतो आणि तो दुसऱ्या छायाचित्रातून आणून जोडावा लागतो. लालबागच्या उड्डाणपुलाखाली टपावर अंधार आणि दारावर ऊन अशी फाळणी होते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत, ढगाळ सकाळी काढलेले चित्र सर्वांत सोयीचे, कारण उजेड सगळीकडून सारखा येतो आणि सावल्यांच्या कडा मऊ राहतात.

त्यानंतर पत्रा बाकीच्या चित्रापासून वेगळा करायचा. त्यासाठी पेन टूलने कडेकडेने रेघ आखतात. आपोआप निवड करणारी साधने काळा पत्रा, काळे टायर आणि गाडीखालची काळी सावली यांत सपशेल गोंधळतात. काचा, रबरी पट्ट्या, क्रोमचा बंपर आणि दिवे वगळायचे. टॅक्सीच्या टपावर कॅरियर असेल, तर प्रत्येक दांडीच्या दोन्ही कडा आखणे आले, आणि खासगी गाडी दाखवायची म्हणून कॅरियर पुसायचे ठरले, तर त्याची टपावर पडलेली सावलीही पुसावी लागते. जुन्या चित्रांत डाव्या बाजूला बाहेर बसवलेले मीटर असते. ते काढून मागचा पत्रा क्लोन स्टँपने भरतात. निवडलेल्या भागाची कड अर्धा-एक पिक्सेल मऊ ठेवली की जोड दिसत नाही.

आता रंग. वरचा थर ‘कलर’ या मिश्रणपद्धतीत ठेवला, की खालचा उजेड तसाच राहून फक्त रंग बदलतो. पिवळ्या टपाला क्रीम करणे त्यामुळे सोपे. गडद निळे करायला गेले, तर टप फिकट आकाशी होते, कारण पिवळा मुळातच उजळ रंग. तेव्हा कर्व्ह्जने ते आधी गडद करावे लागते. काळ्या पत्र्यावर तर ही युक्ती चालतच नाही. जिथे उजेडच नाही तिथे रंग दिसणार कशावर? म्हणून काळा आधी राखाडीपर्यंत उचलतात. इथे अडचण गणिताची आहे. साध्या जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक रंगवाहिनीत २५६ पायऱ्या असतात. समजा सगळा काळा दरवाजा त्यांतल्या ४० पायऱ्यांत मावला आहे. तो १६० पायऱ्यांवर ताणला, तर दर दोन पायऱ्यांत चारचे अंतर पडते आणि गुळगुळीत पत्र्यावर पट्टे व दाणे उमटतात. कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल हाताशी असेल तर हे बरेच टळते. नसेल, तर थोडा बारीक दाणा मुद्दाम मिसळून पट्टे झाकतात. तडजोडच ती, पण डोळ्याला पटते.

नवशिक्याचे काम ओळखू येते ते प्रतिबिंबांवरून. चकचकीत पत्र्यावर आभाळ, विजेच्या तारा, चाळीची गॅलरी उमटलेली असते आणि त्या झळाळीला गाडीचा नव्हे, तर समोरच्या वस्तूचा रंग असतो. गाडी निळी केली म्हणून आभाळाची चमकही निळी करून चालत नाही. सर्वांत उजळ जागा मास्कमधून मोकळ्या सोडाव्या लागतात. दसऱ्याला काढलेल्या चित्रात बोनेटवर झेंडूच्या हाराची नारिंगी छटा पसरलेली असते. ती जशीच्या तशी राखली, तर नवा रंग खरा वाटतो.

चाकांचे काम त्यामानाने थोडे. नवे अलॉय व्हील त्याच कोनातून टिपलेले हवे. मग डिस्टॉर्टने लंबवर्तुळ जुळवायचे. गाडी खाली बसवायची तर चाके जागेवर ठेवून वरचा भाग काही पिक्सेल उतरवतात आणि चाकांवरच्या कमानीतली सावली नव्याने भरतात. काचा काळ्या करणे पडद्यावर क्षणाचे काम आहे. रस्त्यावर मात्र पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जावा, असा नियम आहे. टॅक्सीची पिवळी नंबरप्लेट खासगी गाडीसाठी पांढरी करतात, आणि चित्र कोणाला पाठवायचे असेल तर आकडे झाकतात.

छपाईला गेल्यावर पडद्यावरचा झगझगीत निळा मळकट होतो, कारण छपाईच्या शाईत तो तेवढा उजळ उतरत नाही. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला तर चित्रातल्या रंगाचे आकडे उपयोगाचे नसतात. त्याला रंग कंपनीचा शेड कोड लागतो. म्हणून जाणकार आधी शेड कार्डावरचा रंग निवडतात आणि चित्र त्याच्या जवळ आणतात. गाडी खरोखर त्या रंगात रंगवली, तर नोंदणी पुस्तकातला रंगही आरटीओत बदलून घ्यावा लागतो.