इतिहासकारांची मते आणि विद्यार्थ्यांचा निबंध

शिक्षकबंधुभगिनींनो, निबंधाच्या वह्या तपासताना तुम्हांला नेहमी आढळत असेल : ‘रानडे असे म्हणतात, राजवाडे तसे म्हणतात,’ की झाला निबंध! साक्षी झाल्या, निवाडा मात्र कोणी केलाच नाही.

संतांनी स्वराज्याला हातभार लावला का, हा प्रश्न घ्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे म्हणणे असे, की संतांनी जातिभेदाची धार कमी केली, लोकांना जवळ आणले आणि स्वराज्याची जमीन तयार केली. इतिहासाचार्य राजवाड्यांना हे पटले नाही. वारकरी संतांनी लोकांना सोशिक केले, असे ते म्हणत. जागृतीचे श्रेय रामदासांना देत.

आता मुलाला सांगा : आधी तुझे उत्तर एका वाक्यात लिही. मग एकाचे मत तुझ्या शब्दांत मांड. त्याला आधार कशाचा, ते पाहा : पत्राचा, बखरीचा, की अभंगाचा? त्यासमोर दुसऱ्याचे मत ठेव. कोणाचा पुरावा जड आणि का, ते लिही.

नाव मोठे म्हणून मत खरे ठरत नाही. एवढे उमगले, तर उद्या हाच मुलगा गावच्या सभेत दोन्ही बाजू ऐकून मगच बोलेल.